आक्काची पक्की ओळ

बोरनाळच्या महिला हळद संस्थेत विकी आली, तेव्हा तिला कुणी पाटसुद्धा मांडला नाही.

तिला घेऊन आली तेजल चौगुले. पोरगी गावचीच, पुण्यात शिकून, बंगळूरला संगणकाची चाकरी करून परतलेली, आणि आता संस्थेची सचिव. तिनं सगळ्या बायकांना वाळवणाच्या खळ्यावर बसवलं, प्रत्येकीच्या पदराला बोराएवढा एक बिल्ला लावला आणि म्हणाली, "विकी म्हणजे आपल्या सगळ्यांनी मिळून लिहायचं पुस्तक. अक्षर यायला पाहिजे असं नाही. बिल्ल्याशी बोला, ती लिहून घेते. विचारा, ती वाचून दाखवते. दुसरीचं काही चुकलेलं वाटलं तर 'खोडते' म्हणा आणि का ते सांगा. इथं कुणीही लिहावं, कुणीही खोडावं."

बायकांनी माना डोलावल्या. मग उठल्या, बिल्ले काढून कंबरेला खोचले आणि गेल्या शेवंताक्काकडं, आज कुठला ढीग आधी शिजवायचा ते विचारायला.

शेवंताक्का मगदूम संस्थेची अध्यक्ष. शाळा दुसरीत सुटली, पण जिभेचं शिक्षण पुरं झालेलं. ऐन तिशीत कपाळ मोकळं झालं, तेव्हा भाऊबंद शेत गिळायला टपलेले. तिनं त्यांना दारातून हाकललं आणि चुलाणावरच्या एका काहिलीपासून ही संस्था उभी केली. आता आजूबाजूच्या गावांची हळद इथं येत होती आणि तिला विचारल्याशिवाय एक पोतं हलत नव्हतं. हलू नये असंच तिलाही वाटायचं. वरून मात्र म्हणायची, "मेल्यांनो, मी मेल्यावर काय कराल गं?"

महिन्याभरानं तेजल रडकुंडीला आली. "आक्का, सगळं तुमच्या डोक्यात आहे. उद्या तुमचं डोकं दुखलं तर संस्था बंद ठेवायची का?"

"माझं डोकं दुखत न्हाई. मी दुसऱ्यांचं दुखवते."

"ते ठाऊक आहे. पण तुम्ही एक शब्द टाका. तुमचा शब्द खाली पडत नाही, म्हणून तर म्हणते."

हे मात्र आक्काला गोड लागलं. साखर कुठं पेरायची हे पोरीला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आक्का किटली स्वतःच्या पुढ्यात घेऊन बसली. "आजपासून चहा फुकट न्हाई. विकीनं आज काय सांगितलं ते मला सांगायचं, मग कप पुढं करायचा. जिला ठाऊक नसंल तिनं हळदीचं पाणी प्यावं. गुणकारी असतंय."

बायका हसल्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचे बिल्ले पदरावर होते. आक्कानं स्वतःच्या बिल्ल्यात बोलायला सुरुवात केली. बेणं कसं निवडावं, शिजलेली हळद कशी पसरावी, गड्डे आणि हळकुंडं कधी वेगळी करावीत. ती खाटेवर बसून बोलायची आणि विकी निमूट लिहून घ्यायची. एवढं गप्प बसून ऐकणारी बाई आक्कानं जन्मात पाहिली नव्हती. तिला विकी आवडायला लागली.

आता या विकीची तऱ्हा नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

पूर्वीच्या विक्या नुसत्या वाचायच्या असत. ही करणारी होती. संस्थेतली यंत्रं, म्हणजे वाफेचा कुकर, पॉलिशचा ड्रम, कोठारांची कुलपं, सगळी तिच्यातल्या ओळी वाचून चालायची. पण कुणीही बोललेलं लगेच यंत्राला देऊन कसं चालेल? म्हणून नवी ओळ आधी 'कच्ची' असायची. ज्या बायका ते काम करतात, त्यांच्या कानावर विकी ती ओळ घालायची. कुणी खोडली तर दोघींची कारणं तपासायची. कुणीच खोडली नाही, उलट सगळ्या त्याप्रमाणं काम करू लागल्या, तर ओळ 'पक्की' व्हायची. मग ती यंत्रांत उतरायची, आणि नुसती इथं नाही, विकी वापरणाऱ्या दुसऱ्या गावांच्या संस्थांतही. घडवणाऱ्यांचा हिशेब साधा होता: जाणती माणसं ऐकतात आणि गप्प राहतात, त्याअर्थी त्यांना पटलेलं आहे.

आता हा हिशेब ज्यानं मांडला त्यानं कधी थोरल्या जावेच्या हाताखाली संसार केला नव्हता, एवढं खरं.

खोडणारी एक निघाली होती. मालन. कुकरवर काम करायची, बोलायला कमी, हाताला चोख. आक्काची ओळ होती की फेस वर आला, वास सुटला, की हळद शिजली समजावं. मालननं बिल्ल्याला सांगितलं, "खोडते. फेस काहिलीत दिसायचा. वाफेच्या कुकरला फेस येत न्हाई. काडी टोचून बघावं, मऊ गेली की शिजली."

विकीनं ते आक्काच्या कानावर घातलं, नेमकं चहाच्या वेळी.

आक्कानं किटली खाली ठेवली. "मालन, ये की पुढं. तुझ्या सासूनं तुला कढी फुटू न देता करायला शिकवली न्हाई आणि तू माझी हळद शिजवाया निघालीस व्हय? घ्या गं, आता मालनबाईंच्या पाया पडा सगळ्या."

खळं हसलं. मालनही हसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मग बिल्ल्याकडं तोंड करून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. चुकलं माझं."

आक्का तेवढ्यावर विसरली. बायका विसरल्या नाहीत. मालन त्या दिवसापासून काडी टोचतच होती, पण गुपचूप, कुकरच्या मागं उभी राहून. बाकीच्यांनी एक सोपी रीत धरली. विकीनं आक्काची ओळ वाचली की बिल्ल्याला म्हणायचं, "बरं आक्का." विकी ते मोजून घ्यायची आणि ओळ पक्की व्हायची.

वर्षभरात बोरनाळचं नाव झालं. विकी वापरण्यात सगळ्या जिल्ह्यात पहिली संस्था. आक्काला ढाल मिळाली, फेटा बांधला, फोटो निघाला. तेजलच्या तोंडावर मात्र म्हणावा तसा आनंद नव्हता.

"आक्का, सगळ्या रोज ऐकतात. लिहितातही थोडं थोडं. पण मालननं माघार घेतली, त्यानंतर एकीनंही तुमची ओळ खोडलेली नाही."

"खोडाया चूक लागती, पोरी."

"दुसऱ्या गावांत रोज भांडतात विकीवर. तिथली विकी सुधारते. आपली नुसती वाढतेय."

"मग जा की तिकडं, भांडणं बघाया." आक्का हसली आणि फेटा कपाटात ठेवायला गेली. ते हसू पुढं तिला फार दिवस डाचलं.

त्याच वर्षी संस्थेनं पेवं खणली. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली हळदीची कोठी. वर माणूस जाईल एवढंच तोंड, आत विहिरीसारखी खोल आणि पोटाला फुगलेली. नदीकाठची जुनी पेवं महापुरांनी बुडवली होती. पण उन्हाळे असे भाजू लागले आणि वीज अशी रुसू लागली, की शीतगृहातली हळद काळवंडायची. पेवातली मात्र वर्षानुवर्षं पिवळीधमक. म्हणून उंच माळावर नवी पेवं खणली, आत उसाचं पाचट आणि चटया लावल्या, हळद भरून तोंडं बंद केली.

पेवात एक धोका असतो. बंद पेवात हळद, किडे, ओलं पाचट, सगळी हवा खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा वायू हवेपेक्षा जड. दिसत नाही, ठसकाही लागत नाही. तळाला पाण्यासारखा साचून राहतो. त्यात उतरलेला माणूस दोन श्वासांत खाली बसतो. म्हणून जुने लोक तोंडावरचा दगड काढून पेव उघडं ठेवत आणि दोरीनं पेटता कंदील आत सोडत. कंदील विझला तर उतरायचं नाही. नव्या पेवांना कंदिलाऐवजी यंत्राचं नाक होतं, तारेला लोंबणारं. ते आत जाऊन हवा हुंगायचं. चांगली असली तर हिरवा दिवा लागायचा आणि जाळीच्या झाकणाचं कुलूप उघडायचं. नाक किती खोल सोडायचं, तेवढं विकीनं सांगायचं.

आक्कानं ओळ बोलून टाकली होती: "कंदील पुरुषभर खाली सोडावा. तिथं जळला की खाली जळतोच."

ही ओळ ऐकणाऱ्यांत शालन होती. शालन आक्काची धाकटी जाऊ. दोघी एकाच घरात, दोघींचे नवरे गेलेले, एकाच चुलीवरचं खाणं. शालनचं माहेर पेवांच्या गावचं. तिचा बाप पेवात उतरायचा. कंदील तळाला टेकेपर्यंत सोडायचा असतो, हे तिला आईच्या दुधाबरोबर कळलं होतं. तिनं बिल्ला तोंडाशी नेला, पुन्हा खाली केला. ओसरीवर आक्का शेंगा फोडत बसली होती. शालन म्हणाली, "बरं आक्का."

पहिल्या खेपा सुखरूप झाल्या. पेवं काठोकाठ भरलेली होती. पोती पुरुषभर, म्हणजे माणसाच्या उंचीएवढ्या खोलीवरच लागायची, आणि नाकही तिथंच जायचं. मग एक पेव निम्मं रिकामं करून पुन्हा बंद केलं. ते उघडलं, त्या दिवशी दुसऱ्या गावांचे पाहुणे आले होते, बायकांना विकी वापरायला कसं लावायचं ते आक्काकडून शिकायला.

सकाळची वेळ. आक्का पाहुण्यांना सांगत होती, "लोकांच्या मागं लागावं लागतंय. गोडीनं सांगावं, न्हाई ऐकलं तर चहा तोडावा." पाहुणे लिहून घेत होते. नाक आत गेलं, हिरवा दिवा लागला, कुलूप उघडलं. शालननं कंबरेला पट्टा बांधला, दोर मालन फिरवणार होती त्या रहाटाला लावला आणि तोंडाशी येऊन थांबली. खाली काळोखात वाकून पाहिलं. मग मान वर करून आक्काकडं पाहिलं.

"काय बघतीस? हिरवा लागलाय की," आक्का म्हणाली. "पावणी खोळंबल्यात. का माहेरची आठवण आली?"

पाहुणे हसले. शालन उतरली.

खाली पोत्यांवर पाय टेकल्याची हाक यायला हवी होती. आली नाही. दोर एकदम ढिला पडला.

"शालन! ए शालन!"

एक पाहुणी पुढं धावली. मालन कधी नव्हे ते ओरडली, "कुणी उतरायचं न्हाई! एकीमागं एक मराल!" आणि रहाट फिरवायला लागली. वर आलेल्या शालनची मान कणसासारखी लोंबत होती. ओठ जांभळे. तेजलनं तिच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. आक्का नुसती उभी होती.

शालन जगली. दवाखान्यात शुद्धीवर आली, पण उजवा हात थरथरत राहिला आणि बोलताना मधलाच एखादा शब्द निसटायचा. "हे घ्या ते... ते..." म्हणायची आणि पाण्याच्या भांड्याकडं बघत बसायची. मेंदूला हवा कमी पडली, डॉक्टर म्हणाले. काही भरून निघेल, काही नाही.

दवाखान्याच्या पायरीवर तेजलनं आक्काला सगळं समजावून सांगितलं. नाक पुरुषभर खोलीपर्यंतच गेलं. तिथं हवा चांगली होती. वायू त्याच्या खाली होता.

"कुणी सांगितलं त्याला तेवढंच जायला?" आक्कानं विचारलं. विचारता विचारताच तिला उत्तर कळलं.

"तुम्ही ही ओळ कुठून घेतली होती, आक्का?"

तिच्या डोळ्यांसमोर ते पेव आलं. नवी नवरी असताना चुलत सासऱ्यांच्या गावी पाहिलेलं, लांबून, बायकांना जवळ जाऊ देत नसत म्हणून चिंचेखाली उभं राहून. दोरी थोडीशीच आत गेली, कंदील टेकला आणि माणूस उतरला. पेव भरलेलं होतं. पोती वर होती म्हणून दोरी थोडी लागली. एवढं एकदा पाहिलं आणि तेवढ्याच्या जोरावर तिनं पेवांचं शास्त्र सांगितलं.

"खोडून टाक ती ओळ. आत्ताच्या आत्ता."

"पक्की ओळ लिहिणारीला एकटीला मोडता येत नाही. नाहीतर अपघात झाला की जो तो आपली ओळ पुसून मोकळा होईल. ज्यांनी ऐकून मान डोलावली त्यांनी हरकत घ्यायला हवी, स्वतःच्या माहितीचं कारण देऊन. निम्म्या तरी हव्यात."

"आणि बाकीच्या गावांची पेवं?"

"फोन केलेत. आज थांबलेत सगळे. पण माणसं विसरतात, आक्का. कुलूप विसरत नाही. ओळ असेल तोवर नाक पुरुषभरच जाणार."

संध्याकाळ व्हायच्या आत आक्कानं बायका खळ्यावर गोळा केल्या. किटली नव्हती. पसरलेल्या हळदीच्या कडेला सगळ्या उभ्या राहिल्या.

"माझी पेवाची ओळ खोडा," आक्का म्हणाली.

मग एक म्हणाली, "आक्का, तुमचा काय दोष? तिचं नशीब." दुसरी म्हणाली, "यंत्राचंच काहीतरी बिघडलं असंल." तिसरी रडायलाच लागली, "तुमच्या जिवाला लावून घेऊ नका."

जन्मभर आक्काला हेच हवं होतं. आपल्यावर कुणी बोट ठेवू नये. आता ते प्रेमळ बोलणंच तिला नको झालं. तिनं आवाज चढवला. "मी सांगते म्हणून खोडा!"

बायकांनी लगेच बिल्ले उचलले. "खोडते," "खोडते," सगळीकडून आलं. विकीनं शांतपणे प्रत्येकीला विचारलं, "कारण?" आणि प्रत्येकीनं खरं तेच सांगितलं, "आक्का म्हणाल्या म्हणून."

तेजलनं मान हलवली. यातली एकही हरकत धरली जाणार नव्हती.

आक्का मटकन खाली बसली. हळद तिच्या लुगड्याला लागली. ती बोलायला लागली तेव्हा आवाज तिचा वाटतच नव्हता. "मी पेवात कधी उतरले न्हाई. तोंडाशीसुदीक कधी उभी ऱ्हायले न्हाई. लांबून एकदा बघितलं, तेबी भरलेलं. मला ठाऊक नव्हतं. तुमच्यात कुणाला ठाऊक हुतं?"

बायकांनी नजरा हळदीकडं वळवल्या.

"मालन," आक्का म्हणाली. "तू त्या पावणीला अडवलंस. तुला ठाऊक हुतं."

मालननं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ठाऊक हुतं," ती म्हणाली. "माझ्या मामाच्या गावाला तिघं गेली एकाच पेवात. एक पडला, त्याला काढाया दुसरा उतरला, त्याच्यामागं तिसरा." तिनं बिल्ला तोंडाशी नेला. "खोडते. कंदील तळाला टेकला पायजे. आक्काची ओळ चूक हाय."

आक्कानं डोळे मिटले. चूक हाय. खळ्यावर, सगळ्यांसमोर.

मग एकेक बोलती झाली. कुणाला बापानं सांगितलेलं, कुणी विहीर उपसताना उदबत्ती विझलेली पाहिलेली. ठाऊक नसणाऱ्या थोड्या होत्या. गप्प बसलेल्या पुष्कळ. विकीनं प्रत्येकीचं कारण ऐकलं आणि शेवटी वाचून दाखवलं की जुनी ओळ मोडली आहे, आता सगळ्या गावांत नाक तळापर्यंत जाईल. बायका थांबल्या नाहीत. कुणीतरी बेण्याची ओळ काढली, कुणी वाळवणाची. "ही पण खोडते." आक्का हळदीत बसून ऐकत राहिली. दोन ओळींच्या वेळी तिला वाटलं, ही तर माझी बरोबर आहे, आणि तोंड उघडलं. पण ते तिनं पुन्हा मिटलं.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. शालन खिडकीकडं तोंड करून पडली होती. आक्कानं मोसंबं सोलून एकेक फोड तिच्या तोंडाशी नेली. तिला काय बोलावं हे रस्ताभर सुचलं नव्हतं. चुकलं म्हणावं तर तो शब्द या घरात तिच्या तोंडून कधी निघालाच नव्हता.

"शालन, माझं चुकलं," ती म्हणाली.

शालननं फोड गिळली. "आक्का, मला... मला ठाऊक हुतं. मी बोलले न्हाई." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "पडल्या पडल्या तेच ये... येतंय मनात. मी एक शब्द बोलले असते, तर मी अशी झाले नसते. उद्या दुसऱ्या गावात कुणाची लेक उतरली असती. तिचं पाप माझ्या डोक्यावर आलं असतं."

तिनं थरथरता हात आक्काच्या मनगटावर ठेवला. "खरं सांगा. मी बोलले असते, तर तुमी ऐकलं असतं?"

हो म्हणणं सोपं होतं. मी काही इतकी दगड नाही गं, एवढंच म्हणायचं होतं. जग आपल्याला चांगलं म्हणेल, शालनही म्हणेल. आणि आपण न बोलल्यानं हे झालं, असं मानून ती उरलेला जन्म काढील.

आक्कानं तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली. "ऐकलं नसतं. उलट चारचौघींत तुझे वाभाडे काढले असते. तू बोलून काय झालं नसतं."

शालननं लांब श्वास सोडला. चेहऱ्यावरची आठी हळूहळू उलगडली, आणि दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच तिला झोप लागली.

आक्काच्या हातात उरलेली फोड तशीच राहिली. शालनचा हात मनगटावर थरथरत होता, झोपेतसुद्धा. आक्कानं तो काढला नाही. ती तशीच बसून राहिली, पाठीला कळ लागेपर्यंत, आणि त्यानंतरही.